अमर शेख
शाहीर अमर शेख (मूळ नाव: मेहबूब हुसेन पटेल, २० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९) हे मराठी लोकशाहीर व कवी होते. त्यांचा जन्म धाराशिव जिल्ह्यालगतच्या बार्शी येथे झाला. बार्शी तेव्हा ब्रिटिश मुलखात, तर शेजारचे धाराशिव निजामाच्या राज्यात होते. गिरणी कामगार म्हणून राबत असताना ते कामगार चळवळीत आले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभा त्यांच्या पहाडी आवाजाने दुमदुमत. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. मात्र गायकाच्या लौकिकापुढे त्यांच्यातील कवी काहीसा उपेक्षितच राहिला. त्यांचा मृत्यू अपघाती झाला. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या होत.