नाकेबंदीवरचे कृष्णवर्णीय खलाशी

१९ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा आणि प्रत्यक्ष कामावर असलेली जहाजे जेमतेम ४२. त्यांतलीही कित्येक दूरच्या समुद्रांत. सरकारने व्यापारी जहाजे, अगदी फेरीबोटीसुद्धा विकत घेऊन त्यांवर तोफा चढवल्या. जहाजे मिळत गेली, खलाशी मात्र कमी पडू लागले. ही उणीव भरून काढणाऱ्यांत सुमारे १८ हजार कृष्णवर्णीय होते.

आरमारात त्यांचा वावर जुनाच होता. व्यापारी आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवरही ते पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा भूदलाने त्यांना दार बंद ठेवले, आरमाराने ठेवले नाही. त्यातच पहारा देणाऱ्या जहाजांकडे गुलामगिरीतून निसटलेली माणसे होड्या वल्हवत येऊ लागली. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी सप्टेंबर १८६१ मध्ये त्यांना भरती करून घेण्याची परवानगी दिली. पण दर्जा ‘बॉय’चा, म्हणजे सर्वांत खालचा, आणि पगार महिना १० डॉलर व रोजचा शिधा. पुढच्या वर्षाअखेरीस एक पायरी वर चढण्याची मुभा मिळाली. या निर्णयामागे तत्त्वापेक्षा गरज मोठी होती. तरीही एक गोष्ट आरमाराच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे : समान दर्जाच्या खलाशांना तिथे समान पगार होता आणि गोरे-काळे एकाच जहाजावर राहत होते. भूदलात मात्र गोऱ्या शिपायाला १३ डॉलर मिळत असताना कृष्णवर्णीयाला १० डॉलर मिळत आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले जात. हा भेद १८६४ पर्यंत टिकला.

आरमाराला या माणसांच्या हातांइतकीच त्यांच्या माहितीची गरज होती. दक्षिणेच्या खाड्या, वाळूचे दांडे, भरती-ओहोटीच्या वेळा यांची खडान्‌खडा माहिती असलेले कित्येक सुकाणूदार गुलामच होते. चार्ल्स्टनचा रॉबर्ट स्मॉल्स त्यांपैकी एक. बंडखोरांच्या ‘प्लँटर’ नावाच्या वाफेच्या जहाजावर तो सुकाणू धरत असे. १३ मे १८६२ च्या पहाटे जहाजाचे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्याने साथीदारांसह जहाज हाकारले, वाटेत बायकामुलांना चढवून घेतले, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि फोर्ट सम्टरसमोर शिट्टीची ठरलेली खूण अचूक वाजवली. किल्ल्याने वाट दिली. पुढे तोफांच्या माऱ्याबाहेर पडल्यावर त्याने पांढरी चादर फडकवली आणि जहाज उत्तरेच्या, म्हणजे लिंकन-सरकारच्या, ‘ऑनवर्ड’ या जहाजाच्या हवाली केले. जहाजापेक्षा मोलाची ठरली ती त्याने सांगितलेली बातमी : स्टोनो नदीच्या मुखावरचा मोर्चा शत्रूने सोडून दिला होता. उत्तरेच्या तोफनौका लवकरच त्या नदीत शिरल्या.

याच नदीत २५ डिसेंबर १८६३ रोजी उत्तरेच्या ‘मार्बलहेड’ या तोफनौकेवर गोळ्यांचा वर्षाव झाला, तेव्हा गुलामगिरीतून सुटून आलेला रॉबर्ट ब्लेक तोफांना दारू पुरवत राहिला. त्याबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. मोबाईल बंदराच्या उपसागरात ५ ऑगस्ट १८६४ रोजी एका गोळ्याने ‘हार्टफर्ड’ या जहाजावर दारूगोळा वर चढवणाऱ्या सहाही जणांना मारले किंवा घायाळ केले. त्यांतला जॉन लॉसन पाय जखमी असतानाही पुन्हा कामावर उभा राहिला. त्यालाही हेच पदक मिळाले.

अशा लढाया मात्र क्वचितच होत. बहुतेकांचे दिवस बॉयलरपुढे कोळसा ओढण्यात, डेक घासण्यात आणि रिकाम्या क्षितिजावर नजर ठेवण्यात जात. उष्ण हवा व ताप यांना काळी माणसे सहजी दाद देत नाहीत, या समजुतीने रोगट नद्यांवरची होडीची कामे त्यांच्याच माथी येत. विल्मिंग्टनहून सात जणांसह होडीतून पळून आलेल्या विल्यम गोल्डने हे जगणे रोजनिशीत लिहून ठेवले. एका काळ्या खलाशाच्या हातची अशी नोंद फार दुर्मीळ आहे. ‘रेड रोव्हर’ या रुग्णनौकेवर ॲन स्टोक्स यांच्यासारख्या स्त्रियाही शुश्रूषेच्या कामावर होत्या.

या नाकेबंदीचा परिणाम मुंबईपर्यंत पोचला. अमेरिकी कापूस अडकल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून शेअरबाजार कोसळला.

शांतता झाल्यावर आरमार आकुंचन पावले. स्मॉल्स पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला. स्टोक्स यांना १८९० मध्ये निवृत्तिवेतन मंजूर झाले. कृष्णवर्णीय खलाशांपुढची अधिकारपदाची भिंत मात्र हलली नाही. पहिल्या महायुद्धानंतर तर काही वर्षे आरमारात कृष्णवर्णीयांची नवी भरतीच थांबली, आणि त्यांच्यातली पहिली १३ जणांची अधिकारी तुकडी नेमली गेली ती १९४४ मध्ये.