पानी आणि पाणी

आमच्या सेलूला परभाषेचे भय नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. दप्तराची भाषा उर्दू. आजोबा चांगले बाप्ये झाल्यावर उर्दू शिकले, ते शायरीसाठी नव्हे. आपण सही करतोय तो कागद शेतसाऱ्याचा की शेतच गेल्याचा, एवढे कळावे म्हणून!

त्यामुळे पुतण्या नोकरीसाठी पोलंडला निघाला आणि "काका, पोलिश कशी शिकू?" म्हणाला, तेव्हा जन्मभर नावे-जमा करणारा मी मुळीच कचरलो नाही. व्याकरण मागवले.

सुरुवातीलाच तीन लिंगे. आम्ही खूष! विभक्त्या सात, शाळेतल्या आठांतली पंचमी तेवढी गळालेली. दोनला 'द्वा', चारला 'च्तेरी', म्हणजे संस्कृतची लांबची मावसबहीणच. पण पुढे राजधानी आली. नुसती असली तर वार्शावा, तिकडे निघालात तर वार्शावी, तिथे राहिलात तर वार्शाव्ये. तिकीट कुठले काढायचे हो?

पुस्तक मिटले आणि कोल्हापूर आठवले. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे; रशियात हद्दपार झालेली, तिथून इराणमार्गे इथवर आलेली. त्यांनी शाळा काढल्या, चर्च थाटले, आणि आसपासचे विक्रेते चक्क पोलिश बोलू लागले! सात विभक्त्यांपैकी त्यांना एकही ठाऊक नसणार. पण 'म्लेको' म्हणजे दूध आणि 'यायका' म्हणजे अंडी, एवढे आले की टोपली रिकामी होते. बाईला आदराने 'पानी' म्हणतात. दारात "पानी, पानी" ऐकू आले, तर आलेला माणूस तहानलेला की अदबशीर, हे टोपली बघूनच ठरवायचे.

छावणी उठली, माणसे देशोदेशी पांगली. एक मुलगी मात्र कोल्हापूरची सून होऊन राहिली. सासरी मराठी शिकायला तिला कुठले पुस्तक मिळाले असेल? आजोबांची उर्दूही निजाम गेल्यावर गेली नाही. रागावले की तीच यायची.

पुतण्याला म्हटले, "पुस्तक ठेव. तिथे उपाशीपोटी बाजारात जा. आपोआप येईल."

वहिनींनी 'उपाशी' तेवढेच ऐकले. आता बॅगेत सहा महिन्यांचे मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी आहे. सहा महिने तरी पोराला पोलिश येत नाही.