आगरकरांनी 'केसरी' का सोडला?

मानवतच्या बाजारात कापूस आणणाऱ्याला बटईचे रान म्हणजे काय, ते सांगायला नको. घाम आपला, सातबारा दुसऱ्याचा. लिहिणाऱ्याचेही तसेच होते.

१८८१ साली पुण्यात 'केसरी' निघाला. गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक. पण पत्र सगळ्या मंडळींचे. समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ते सोडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचा 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. वाचक मात्र नव्याने जोडावे लागले. शिव्याशापही पदरात पडले.

आता अलीकडचे पाहा. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अॅपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या पोरांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य, तो वाद निराळा. ज्याचे स्वतःचे संकेतस्थळ होते, त्याचा पत्ता तरी उरला. अर्थात नावाचे पैसे दरसाल भरावे लागतात, आणि तिथे माणसे आपण होऊन फिरकत नाहीत, हेही खरेच. म्हणून विद्यार्थ्यांना मी म्हणतो, बाबांनो, तिकडे खुशाल टाका, पण मूळ प्रत आपल्या जागेवर ठेवा.

आगरकर १८९५ साली वारले, तोवर 'सुधारका'त लिहीत होते.