गीतरामायण : आकाशवाणीपासून रामनवमीच्या मांडवापर्यंत

गीतरामायण हे ग. दि. माडगूळकर यांनी रचलेले आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेले ५६ गीतांचे रामकथाकाव्य आहे. पुणे आकाशवाणीसाठी ते सिद्ध झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी, त्यातले पहिले गीत प्रसारित झाले. आकाशवाणीवर ही कथा अनेक गायक-गायिकांनी मिळून सांगितली होती. पुढे सभागृहांत आणि उत्सवांच्या मांडवांत ती फडके यांनी, म्हणजे रसिकांच्या ‘बाबूजीं’नी, पेटी पुढ्यात घेऊन एकट्याने गायली. रामनवमीच्या सुमारास बाबूजींचे गीतरामायण प्रत्यक्ष ऐकायला जाणे हा त्यानंतर कित्येक मराठी घरांचा रिवाज झाला.

या रिवाजाला जुनी बैठक होती. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत राममंदिरांत नवरात्र बसते. या दिवसांत कीर्तने आणि प्रवचने होतात. नवमीला जन्मकाळाचे कीर्तन माध्यान्ही संपते, पाळणा हलवला जातो, गुलाल उधळतात आणि सुंठवड्याचा प्रसाद वाटतात. नारदीय कीर्तनात एकच कीर्तनकार उत्तररंगातली सगळी पात्रे उभी करतो. दशरथ, कैकेयी, राम, सीता ही सर्व त्याच्याच आवाजात बोलतात, आणि पेटी, तबला, झांज एवढी साथ त्याला पुरते. सणाच्या दिवशी एकाच्या तोंडून सगळी कथा गाण्यांतून ऐकण्याची सवय श्रोत्यांना गीतरामायणाच्या आधीपासूनच होती.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. बा. वि. केसकर त्या काळी केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव होता. श्रोत्यांना गोडी लागेल असे सुगम संगीत त्यामुळे केंद्रांना स्वतःच निर्माण करावे लागे. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना वर्षभर चालेल अशी मालिका लिहायला सांगितले आणि माडगूळकरांनी रामकथा निवडली. चालींसाठी त्यांनी फडके यांना सोबत घेतले. चित्रपटसृष्टीत या दोघांची जोडी आधीच जमलेली होती. ‘पुढचं पाऊल’ (१९५०) आणि ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) या चित्रपटांची गाणी तेव्हा लोकांच्या ओठांवर होती.

दर आठवड्याला शुक्रवारी सकाळी एक नवे गीत प्रसारित होई आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा ऐकवले जाई. पुढच्या रामनवमीपर्यंत मालिका चालवायची असल्याने बावन्न गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. फडके यांच्याबरोबर माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशा गायकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायली. त्या काळी रेडिओ घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे तो असे त्याच्या ओटीवर शेजारीपाजारी जमत. गीत सुरू होण्यापूर्वी रेडिओला हार घालून उदबत्ती लावणाऱ्या घरांच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. वृत्तपत्रांनीही नव्या गीताचे शब्द आठवड्याच्या आठवड्याला छापायला सुरुवात केली.

एकट्या गायकाने सगळे काव्य गावे, ही शक्यता काव्याच्या रचनेतच होती. माडगूळकरांनी वाल्मीकींची मांडणी स्वीकारली. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामचरित्र गात आहेत आणि राम ते ऐकतो आहे. भर सभेत चाललेले गायन हीच काव्याची सुरुवात आहे आणि पुढची सर्व पात्रे त्या गायनाच्या ओघात बोलू लागतात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना गाण्याची आज्ञा देतात आणि कथा आरंभापाशी परत येते. चालींचीही योजना अशीच आहे. पहिले गीत भूप रागावर बेतलेले आहे, तर शेवटचे मैफलीच्या रीतीप्रमाणे भैरवीत आहे.

मालिका संपल्यानंतर गीतरामायण रंगमंचावर आले. भारतीय बैठक, स्वतः वाजवलेली पेटी, मोजकी साथ आणि दोन गीतांना जोडणारे निवेदन असे फडके यांच्या कार्यक्रमाचे स्वरूप होते. आकाशवाणीवर वेगवेगळ्या कंठांतून आलेली गीते आता एकाच कंठातून येऊ लागली. सीतेचा विलाप, कौसल्येची ममता आणि रामाचा धीर यांतला फरक मांडायला गायकाकडे वेशभूषा नव्हती, दुसरा आवाजही नव्हता. तो फरक शब्दांच्या उच्चारातून आणि स्वरांच्या वजनातून दाखवावा लागे. प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू यावे, तान शब्दावर चढू नये, हा फडके यांचा कटाक्ष या कामी आला. मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही काव्य कळत असे.

छप्पन्न गीते एका बैठकीत गाणे शक्य नव्हते. त्यामुळे कार्यक्रमाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. एका संध्याकाळच्या कार्यक्रमात निवडक गीते घेऊन जन्मापासून राज्याभिषेकापर्यंतचा प्रवास होई. त्यात रामजन्माचे गीत आणि भरताला उपदेश करणारे गीत श्रोते हमखास मागून घेत. दुसऱ्या पद्धतीत सप्ताहाप्रमाणे ओळीने काही दिवस गायन चाले आणि संपूर्ण काव्य ऐकायला मिळे. पुण्यात रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणावर गीतरामायणाचा रौप्यमहोत्सव झाला, तो असाच आठ दिवस चालला. तो पाहायला माडगूळकर नव्हते. १४ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले होते.

दरम्यान सर्व ५६ गीते फडके यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आली आणि काव्य कधीही ऐकता येऊ लागले. तरीही कार्यक्रमांची गर्दी ओसरली नाही. श्रोत्यांना गाणी पाठच असत. ती ज्याने घडवली त्याच्या समोर बसून, सणाच्या दिवशी, चार लोकांत ऐकणे हेच महत्त्वाचे असे. या लोकप्रियतेचा उपयोग फडके यांनी सार्वजनिक कामांसाठी केला. ‘वीर सावरकर’ या त्यांनी निर्मिलेल्या चित्रपटाच्या निधीसाठीही त्यांनी कार्यक्रम केले. तो चित्रपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला. २९ जुलै २००२ रोजी फडके यांचे निधन झाले.

गीतरामायणाचे हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, कोकणी आदी भाषांत अनुवाद झाले आहेत. यांतले अनेक अनुवाद मूळ चालींवर गाता यावेत अशा बेताने केलेले आहेत. मराठीत फडके यांचे पुत्र श्रीधर फडके आणि अन्य गायक गीतरामायणाचे कार्यक्रम करतात. चैत्राच्या नवरात्रात राममंदिरे, गणेश मंडळे आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे ते आजही ठेवतात. आता बहुधा दोन-चार गायक पात्रे वाटून घेतात आणि निवेदक वेगळा असतो, म्हणजे आकाशवाणीवरचे मूळ रूप काही अंशी परत आले आहे. चाली मात्र १९५५ मध्ये बांधलेल्याच आहेत.