नोतो नगर व तेथील ख्रिस्तमंदिरें

इटलीस जाणारा प्रवासी रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस पाहून परततो. फार झालें तर नेपल्सपर्यंत उतरतो. सिसिली बेटाच्या आग्नेय कोपऱ्यांतील नोतो या लहानशा शहराकडे त्याचीं पावलें सहसा वळत नाहींत. वास्तविक बरोक पद्धतीचें वास्तुशिल्प ज्यास मनापासून पाहावयाचें आहे, त्यानें रोमनंतर येथेंच यावें. रोममध्यें तें जुन्या-नव्या इमारतींच्या दाटींत हुडकावें लागतें. नोतोमध्यें एकाच आखणीचें, एकाच जातीच्या दगडाचें अवघें नगरच डोळ्यांपुढें उभें राहतें. असें नगर सुखासुखीं निर्माण होत नाहीं.

मूळचें नोतो या जागीं नव्हतेंच. तें येथून सुमारें पांच मैलांवर, अल्व्हेरिया नांवाच्या डोंगरावर वसलेलें होतें. भोंवतीं खोल दऱ्या, वर भक्कम तटबंदी. नॉर्मन लोकांनीं सिसिली जिंकली तेव्हां अरबांच्या हातचें जें शेवटचें ठाणें १०९१ सालीं पडलें, तें हेंच. परंतु ज्या डोंगरानें शत्रूपासून राखलें, त्यानें भूकंपापासून राखलें नाहीं. ९ जानेवारी १६९३ च्या रात्रीं पहिला धक्का बसला. ११ जानेवारीस, रविवारीं, दुसरा व त्याहून भयंकर धक्का बसला. आग्नेय सिसिलींत सुमारें ६० हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. नोतोची तर राहण्याजोगी वास्तु उरली नाहीं.

त्या काळीं सिसिलीवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. राजप्रतिनिधीनें कामास्त्राचा ड्यूक ज्युसेप्पे लान्त्सा यास पुनर्रचनेचे सर्वाधिकार देऊन पाठविलें. नगर डोंगरावर पुन्हां न बांधतां खालीं, समुद्राच्या बाजूस असलेल्या मेती नांवाच्या उतारावर नेण्याचें ठरलें. वर अरुंद गल्ल्या व चढउतार. खालीं मोकळी जागा व सोपी वाहतूक. हिशेब चोख होता. परंतु लोकांच्या मनाचा हिशेब निराळा असतो. पूर्वजांचीं थडगीं व ढिगाऱ्याखालीं गेलेले आप्त ज्या भूमींत आहेत ती सोडावयाची कशी? जुन्या जागीं परत जावें असें म्हणणारा मोठा पक्ष नगरांत होता व हा वाद कित्येक वर्षें धुमसत राहिला. तोंवर खालीं पाये खणले जात होते. अखेर वाद विरला आणि नगर खालींच राहिलें.

नव्या नगराची आखणी पाहण्यासारखी आहे. पूर्व-पश्चिम धांवणारे तीन समांतर रस्ते, म्हणजे दिवसभर घरांच्या दर्शनी भागांवर ऊन खेळत राहतें. येथील चुनखडीचा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो, कोरणाऱ्याच्या छिनीस सहज वश होतो व पुढें हवेनें कठीण होऊन मधासारखा पिवळा होतो. सायंकाळच्या तिरप्या उन्हांत हा रंग असा कांहीं पेटतो कीं, रस्ता कोणत्या दिशेस काढावा याचा विचार करणाऱ्याचें कौतुक वाटतें.

मधल्या मुख्य रस्त्यावर तीन चौक आहेत व प्रत्येक चौकाशीं एक ख्रिस्तमंदिर. बहुतेक श्रेय सिराक्यूजमध्यें जन्मलेल्या रोझारिओ गाल्यार्दीचें. त्याचें सान दोमेनिको हें चर्च अवश्य पाहावें. त्याचा दर्शनी भाग छाती फुगवून उभ्या राहिलेल्या मल्लासारखा पुढें आला आहे. जवळच जेझुइटांचें सान कार्लो. त्याचें मुख उलट आंत वळलेलें. सान्ता क्यारा हें बेनेडिक्टाइन जोगिणींचें चर्च आंतून लंबवर्तुळाकार असून त्यांत बारा स्तंभ आहेत. एकोणिसाव्या शतकांत रस्ता खोल केल्यामुळें त्याचा मूळ दरवाजा आतां वर अधांतरीं दिसतो. नगरपालिकेनें असे उद्योग करणें ही कांहीं एकाच देशाची रीत नव्हे!

चढ चढून पियानाल्तो भागांत मात्र फारच थोडे जातात. तेथील सान्तिस्सिमो क्रोचिफिस्सो या चर्चचा दर्शनी भाग अपुराच राहिला आहे. परंतु आंत फ्रांचेस्को लाउराना या शिल्पकारानें १४७१ सालीं घडविलेली मेरीमातेची संगमरवरी मूर्ति आहे, आणि दगडी सिंहांची एक जोडी आहे. दोन्ही डोंगरावरच्या जुन्या नोतोमधून आणलेलीं. झगमगाट खालीं, आठवण वर.

मधल्या चौकांत रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर सान निकोलो हें मुख्य चर्च आहे. १८४४ पासून त्यास कॅथीड्रलचा मान आहे. १३ मार्च १९९६ च्या रात्रीं त्याचा घुमट व छपराचा मोठा भाग एकाएकीं कोसळला. आंत कोणी नव्हतें म्हणून प्राणहानि टळली. १३ डिसेंबर १९९० च्या भूकंपानें तडे गेलेलेच होते. शिवाय १९५० नंतर जुनें लांकडी छप्पर काढून जड काँक्रीटचें घातलें होतें. परंतु खरें दुखणें खांबांच्या पोटांत निघालें. बाहेरून घडीव दगड, आंत मात्र नदींतले गोटे व निकस चुना! जो कारागीर दर्शनी भागावरील एकेक पान जिवंत कोरतो, त्याच्याच नगरांत भार वाहणारा खांब असा भरला जावा, ही बरोक शिल्पाची उणी बाजू म्हणावी लागते. भूकंपानंतर सगळें नगर एकदम उभें करावयाचें, मजूर व पैसा थोडा. घाईनें हें झालें असावें.

दुरुस्ती करणाऱ्यांनीं काँक्रीटचा सोपा मार्ग धरला नाहीं. पडलेले खांब तर नव्यानें बांधलेच, पण उभे राहिलेलेही त्याच दोषाचे निघाल्यामुळें उतरवून, आंतबाहेर दगडाचेच, पुन्हां उभारले. तेवढ्यांत, २००२ सालीं, युनेस्कोनें नोतो व आसपासचीं सात नगरें जागतिक वारसा म्हणून गौरविलीं. कॅथीड्रलचे दरवाजे १८ जून २००७ रोजीं उघडले. नगराचा संरक्षक संत कोर्रादो याची रुप्याची पेटी तेथेंच आहे. दरवर्षीं फेब्रुवारींत व ऑगस्टमध्यें ती खांद्यांवर घेऊन मिरवणूक निघते, आणि त्याच रुंद पायऱ्या उतरून सोनेरी रस्त्याला लागते.