घरोब्याची डॉक्टरी

वसंतातल्या या व्यासपीठावरून राजे, संत आणि सेनापती यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आज एका साध्या माणसाचा इतिहास मांडावयाचा आहे. दारव्हा, दिग्रस, वणी, पांढरकवडा, उमरखेड अशा बाजाराच्या गावी, जेथे वस्ती अर्धी शहराची व अर्धी खेड्याची, तेथे दवाखाना घालून बसलेला डॉक्टर तो हाच. त्याने रोग्यांची सेवा कोणत्या बळावर केली, आणि ते बळ पुढे टिकले काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपला जिल्हा १८६४ साली अस्तित्वात आला. १९०५ पर्यंत तो वणीच्याच नावाने ओळखला जाई. काळी जमीन, कापसाचे पीक, डोंगराकडेला कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे, असा हा मुलूख. पावसाळ्यात गाडीवाटा चिखलात बुडत आणि नेमके त्याच दिवसांत हिवताप व पटकी घरात शिरत. १९१४ साली नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी पदविकाधारक डॉक्टर तेथे तयार होऊ लागले. लोक त्यांना ‘एल्. एम्. पी.’ म्हणत. पदवीधरांची ओढ मोठ्या शहरांकडे. तालुक्याच्या गावी बसणारा बहुधा हा पदविकेचा डॉक्टरच असे.

त्याची सामग्री ती काय? एक टेबल, नळी, थर्मामीटर आणि पडद्याआड मिश्रण ढवळणारा कंपाउंडर. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटविलेली असे. एक खाच म्हणजे एक मात्रा. बाजाराच्या दिवशी ओटा भरून जाई, कारण मीठमिरची आणि औषध एकाच फेरीत न्यावयाचे असे. पैसे पुष्कळदा कापूस विकल्यावर मिळत. कधी ज्वारीच येई, कधी काहीच येत नसे. पण सासूच्या दम्याची, सुनेच्या बाळंतपणाची आणि धन्याच्या कर्जाची हकीकत त्याला एकत्र ठाऊक असे. दूध पिण्याचा सल्ला कोणाला द्यावा आणि कोणाला देऊन लाजवू नये, हे तो जाणत असे. ही माहिती कोणत्याही पुस्तकात नव्हती, पण अर्धी चिकित्सा तिच्यावर चाले.

या डॉक्टराचे दोषही सांगितले पाहिजेत. सुई टोचल्यावाचून रोग्याचे समाधान होत नाही, म्हणून नको तेथेही सुई टोचली गेली. दूरच्या पोडावरची बाई त्याच्या ओट्यापर्यंत क्वचितच पोहोचली. त्याचे ज्ञानही अपुरे पडे.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. त्या वेळी नोंदलेल्या डॉक्टरांत पदवीधर १७,६५४ आणि पदविकाधारक २९,८७० होते. समितीने पदविकेचा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवण्याची शिफारस केली. काही सभासदांनी मात्र भिन्न मत नोंदविले. समितीचा हेतू थोर होता. खेड्यातल्या रोग्याला कमी शिकलेला डॉक्टर का द्यावा, हा तिचा सवाल न्यायाचाच होता. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, आणि पुढे १९८९ साली यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तथापि पदवी वाढली म्हणून घरोबा वाढतोच असे नाही. केंद्रातला डॉक्टर बदलीने येतो आणि ओळख होऊ लागते न लागते तोच बदलीने जातो.

मग ज्ञान आणि घरोबा यांचे वैरच आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि याचा दाखला शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. नागपुरास शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातील बैरागड या कोरकूंच्या गावी १९८० नंतरच्या दशकात जाऊन राहिले. हरिसालहून तेथवर सुमारे ४० किलोमीटरची पायपीट होती. पुढे नागपुरातील स्वतःचा व्यवसाय सोडून डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या सहचारिणी झाल्या. पहिल्या भेटीस दोन रुपये व पुढच्या भेटीस एक रुपया, ही त्यांची फी. शहरातल्या यंत्रांवाचून बाळंतपण आणि न्यूमोनिया कसा हाताळावा, हे ते निघण्यापूर्वीच शिकून घेऊन गेले होते. पोट रिकामे असता औषध लागू पडत नाही हे ध्यानी येताच त्यांनी स्वतः शेती केली, लोकांना दाखविली आणि रेशनच्या धान्याचाही प्रश्न हाती घेतला. २०१९ साली उभयतांना पद्मश्री मिळाली. पदवी पूर्ण, आणि घरोबाही पूर्ण!

हा घरोबा म्हणजे केवळ गोडवा नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा विषबाधेत आरंभी डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधुक होते. वरवर पाहता हा साधा ताप किंवा पित्तच वाटावे. कोणत्या महिन्यात कोणत्या वावरात काय चालले आहे हे ज्याला ठाऊक, तोच डॉक्टर पहिल्याने विचारील, “बाबा, आज पाठीवर पंप होता काय?” त्या एका प्रश्नाने वाचणारे तास फार मोलाचे असतात.

एल्. एम्. पी. डॉक्टरांचा तो काळ परत आणावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु डॉक्टर गावात टिकावा, त्याच्या मुलांना शाळा आणि त्याला राहण्यालायक घर मिळावे, एवढे तरी गावाने व सरकारने पाहावे. आपणही त्याच्या दारी केवळ सुई मागावयास जाऊ नये. आपली सारी हकीकत सांगावयास जावे. घरोबा दोन्ही बाजूंनी राखावा लागतो.