ओवीपुढे बाईचं नाव

 

आपल्या बचत गटाचं रजिस्टर उघडलं की पहिल्या रकान्यात बाईचं नाव असतं. सही येत नसली तर अंगठा, पण नाव तिचंच. सातबाऱ्यावर नसेल, घराच्या उताऱ्यावर नसेल, गटाच्या रजिस्टरात मात्र आहे. हेच काम काही माणसांनी जात्यावरच्या ओवीसाठी केलं. आज त्यांचा इतिहास सांगते. त्यात आपला बीड जिल्हाही आहे.

आधी जात्याचं बोलू. तरण्या पोरींनी जातं पाहिलंय ते लग्नातल्या हळदीपुरतंच. पूर्वी पहाटे कोंबडा आरवायच्या आत बाई उठायची. दिवसाच्या भाकरीची ज्वारी दळून झाली की मग पाणी, सडा, शेण, आणि मग रान. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात, एकीनं मूठ टाकायची. दगड घासून गुळगुळीत झाला की टाकी लावणारा येईपर्यंत पीठ भरड पडायचं आणि बोलणी बाईला बसायची. म्हणून गिरणी आली ते बरंच झालं, असं मी तरी म्हणते. आज्जीच्या खांद्याला विचारा. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा दोन शेर ज्वारी दळून बघावी.

पण त्या दळणासोबत ओवी होती. घरात सासू-सासरे निजलेले, अंधार, आणि बाईला मनातलं बोलायला दिवसातली तेवढीच जागा. माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, लेकीची पाठवणी, सगळं त्या दगडावर आलं. गिरणीनं दळणाचा ताप नेला आणि त्यासोबत ही जागाही गेली. तिच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही.

आता नावाचं बघा. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांपूर्वीची. दळण-कांडण करणारी, नामदेवाच्या घरची दासी. तिनं अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, म्हणून तो अभंग तिचा हे आज आपल्याला कळतं. जात्यावरच्या ओवीत तसं होत नाही. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं तर येतंच. म्हणणारीचं स्वतःचं नाव सहसा येत नाही. तीच ओवी पुढची बाई उचलते, त्यात आपल्या लेकाचं नाव घालते, आणि पहिली कोण होती हे पुसलं जातं.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या वारल्या आणि पुस्तक आलं 1952 साली. घरातल्या माणसांनी गाणी उतरवून ठेवली होती, मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं ती आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून ती छापली गेली. ज्यांच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं अशा किती गेल्या असतील, त्याचा हिशेब लागणार नाही.

ओव्या गोळा करणारे लोक आधीही झाले. साने गुरुजींनी केल्या, सरोजिनी बाबरांनी तर लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. आपल्या मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी बायांच्या रामकथेच्या ओव्या जमवल्या. मोठी कामं आहेत ही. पण अशा बहुतेक पुस्तकांत ओवी दिसते, तिच्यापुढे म्हणणारीचं नाव दिसत नाही.

हे बदललं पुण्याच्या दोन माणसांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, 1972 साली पुण्यात आले आणि इथलेच झाले. मुळशीच्या डोंगरातल्या गरीब माणसांची ‘गरीब डोंगरी संघटना’ उभी राहिली, तिच्यात हे दोघं होते. संशोधनासाठी त्यांनी पुण्यात एक संस्थाही काढली. संघटनेतल्या बायांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आलं की ज्या बाईला शाळा ठाऊक नाही, सभेत जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिच्याजवळ ओव्यांचा साठा आहे, आणि त्या ओव्यांत तिचं जग काय आहे ते ती स्वच्छ सांगते. बायांना शिकवायला जाणाऱ्यांना हे कळायला वेळ लागतो. आपल्याकडेही प्रशिक्षणाला येणारे साहेब पहिल्या तासात ‘महिलांना जागृत करायचे आहे’ असं म्हणतात, तेव्हा मला या गोष्टीची आठवण होते.

त्यांच्या माणसांनी गावोगाव जाऊन ओव्या वहीत उतरवल्या, आणि प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव लिहिलं. विषयवार लावून ठेवल्या. नव्वदच्या दशकात हे काम फार वाढलं. महाराष्ट्रातली अकराशेहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया, आणि ओव्या 1 लाख 10 हजारांच्या घरात. पुढे बर्नार्ड बेल नावाचे संगीताचे अभ्यासक सोबत आले आणि आवाजही टेपवर घेतले गेले, सुमारे 120 तासांचे. ते फार गरजेचं होतं. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते, पण बाई ती म्हणते तेव्हा ‘बाई’, ‘गं’ लावत, ओळ पुन्हा घेत, गळ्यावर खेळवत म्हणते. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंनी म्हटलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या याच साठ्यात आहेत. त्या वाचू नका, ऐका.

आणि माजलगाव. 1996 च्या एप्रिलमध्ये ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली. तिथल्या बायांनी जात्याच्या त्याच चालीवर बाबासाहेबांच्या, रमाईच्या ओव्या म्हटल्या. विठ्ठल आणि सीतेच्या जागी भीमराव आले, बुद्ध आले. ओवी म्हणजे जुनं, देवाधर्माचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या ओव्या ऐकाव्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतात मजुरी करणाऱ्या बायांनी आपला इतिहास जात्यावर लिहिला.

पॉइतवाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. काम कपाटात पडून राहायची भीती होती. ते पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हाती घेतलं, आणि 2017 च्या मार्चपासून ओव्या बाईच्या नावागावासकट मोबाइलवर वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. पारीची माणसं पुन्हा गावांत गेली, बायांना शोधलं. काही भेटल्या. काही वारल्या होत्या, तेव्हा घरच्यांनी वीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकला.

आपल्याकडे दिवाळी झाली की अर्ध्या बाया कोयता घेऊन कारखान्यावर जातात. ट्रकच्या टपावर जातं जात नाही. मागे राहतात त्या म्हाताऱ्या आणि नातवंडं. ज्वारी दळत मोठ्या झालेल्या बाया आता सत्तर-ऐंशीच्या आहेत. म्हणून प्रत्येक गटाला माझं एक सांगणं आहे, आणि ते यंदाच्या हंगामातच करायचं आहे. गावातल्या अशा म्हाताऱ्या हेरा. नातवंड सातवी-आठवीत असेल तर लिहायचं काम त्यालाच द्या, त्याचंही शिक्षण होतं. आज्जी जशी म्हणते तसंच लिहायचं, ‘शुद्ध’ करायचं नाही. ‘व्हता’ म्हटलं तर ‘व्हता’. सोबत मोबाइलवर आवाज घ्या. आधी तिला विचारा, आणि नवऱ्याच्या माराची किंवा घरातली ओवी बाहेर द्यायची नाही म्हणाली तर देऊ नका. वहीच्या पहिल्या रकान्यात तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, तारीख. ‘अमक्याची आई’ असं लिहू नका. काही म्हाताऱ्यांना स्वतःचं माहेरचं नाव सांगायला जरा वेळ लागेल. लग्नात बदललेलं असतं ते, कित्येक वर्षांत कुणी हाक मारलेली नसते. तेवढा वेळ थांबा.